फलक कधी उघडायचा, कधी झाकायचा

अमेरिकेतल्या हायस्कूल वक्तृत्व स्पर्धांमध्ये एक प्रकार असा आहे, ज्यात कुणाला काही पटवून द्यायचं नसतं. बाजू घ्यायची नाही, आवाहन करायचं नाही, फक्त एखादी गोष्ट, हवं तर हाताने बनवलेले फलक दाखवत, नीट समजावून सांगायची. नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशन ही तिथली सर्वांत मोठी संस्था. १९२५ साली विस्कॉन्सिनमधल्या रिपन गावात ती 'नॅशनल फोरेन्सिक लीग' या नावाने सुरू झाली. तिच्याकडे या प्रकाराला 'इन्फॉर्मेटिव्ह स्पीकिंग' म्हणतात, कॅलिफोर्नियाच्या शालेय स्पर्धांत त्याला 'एक्स्पॉझिटरी' हे नाव रूढ झालं. नावांवरून गोंधळ होतो, कारण राष्ट्रीय संस्थेकडेही 'एक्स्पॉझिटरी' नावाचा वेगळा प्रकार आहे. तो पाच मिनिटांचा असतो आणि त्यात फलक, चित्रं काहीच चालत नाही. त्यामुळे भाषण लिहायला बसण्याआधी ज्या स्पर्धेत उतरायचंय तिची नियमावली वाचायला हवी.

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात किंवा न्यू जर्सीत बऱ्याच मराठी घरांत हा प्रकार आता ओळखीचा झालाय. आई-बाबा महाराष्ट्रातल्या वक्तृत्व स्पर्धांच्या संस्कारात वाढलेले, त्यामुळे मुलाच्या भाषणात 'म्हणूनच आपण सर्वांनी' अशी वळणं नकळत घुसतात. या प्रकारात तिथेच गुण जातात. या मुलांनी आणि महाराष्ट्रात विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं तयार करणाऱ्या शिक्षकांनी उत्तम भाषणांच्या चित्रफिती जरूर पाहाव्यात. मात्र त्या कशा पाहायच्या हे कुणी सांगत नाही. पाहणारा फलकांच्या देखणेपणावर भाळतो आणि शिकण्यासारखी गोष्ट निसटून जाते. ती गोष्ट म्हणजे फलक कोणत्या क्षणी समोर येतो, किती वेळ राहतो आणि तो नसता तर नेमकं काय अडलं असतं.

नियमांमुळे भाषणाला आकार येतो

इन्फॉर्मेटिव्हमध्ये वेळ दहा मिनिटं, वर तीस सेकंदांची सवलत. भाषण पाठ म्हणायचं, कागद हातात नाही. दुसऱ्यांचे शब्द जसेच्या तसे उद्धृत करायचे तर पूर्ण भाषणात मिळून दीडशे शब्दांपर्यंतच. माहिती कुठून घेतली ते बोलता बोलता सांगायचं. फलक किंवा वस्तू आणल्याच पाहिजेत असं नाही, पण आणल्या तर विजेवर चालणारं काही नको, जिवंत प्राणी नको, मदतीला दुसरा माणूस नको. मांडामांड झटपट करायची, आणि स्टँड वगैरे देणं ही यजमान शाळेची जबाबदारी नाही.

प्रोजेक्टर नाही या एका अटीचा परिणाम फार मोठा आहे. स्लाइड बदलायला बोटभर श्रम लागतात, म्हणून माणूस चाळीस स्लाइड आणतो. इथे प्रत्येक फलक कापायचा, चिकटवायचा, गाडीत घालून न्यायचा, उघडायचा आणि पुन्हा झाकायचा असतो. त्यामुळे सहा-आठ दृश्यांच्या पुढे जाणं परवडत नाही आणि निवड आपोआप कडक होते. चित्रफीत बघताना हे ध्यानात ठेवलं, तर समोर आलेलं प्रत्येक दृश्य कसल्या तरी परीक्षेतून पास होऊन आलंय हे कळतं. ती परीक्षा शोधायची.

एकच भाषण तीनदा

पहिल्यांदा वही न उघडता, साध्या प्रेक्षकासारखं बघायचं. संपल्यावर दहा मिनिटं दुसरं काही काम करायचं आणि मग जे आठवतं ते लिहायचं. जे आठवलं नाही तेही तितकंच बोलकं असतं. फलक आठवतो पण तो कशाबद्दल होता ते आठवत नाही, असं झालं तर तो फलक शोभेचा होता.

दुसऱ्यांदा आवाज बंद. आता फक्त हात, पाय आणि फलक. प्रत्येक दृश्य कधी उघडलं आणि कधी झाकलं ते मिनिट-सेकंदांसह टिपायचं. चांगल्या वक्त्याच्या बाबतीत दोन गोष्टी दिसतात. एक, बराच वेळ समोर काहीच नसतं, काळा किंवा कोरा फलक असतो. दुसरी, मुद्दा बदलताना वक्ता दोन-तीन पावलं चालतो आणि दृश्य उघडायच्या वेळी स्थिर उभा असतो. चालता चालता फलक उघडणारे जवळपास नेहमी अडखळतात.

तिसऱ्यांदा चित्र बंद, फक्त ऐकायचं. 'इथे काहीतरी दाखवलं जात असणार' असं कानांना कळतं का? जिथे नुसतं ऐकून वाक्य अपुरं वाटतं तिथे दृश्य खरंच काम करतंय. जिथे ऐकूनच सगळं कळतं तिथे फलक नसता तरी चाललं असतं.

या तिन्हींच्या टिपणांतून भाषणाचा सांगाडा उलट दिशेने बांधता येतो. सर्वसाधारण माप असं असतं: सुरुवातीची सुमारे सव्वा मिनिटं लक्ष वेधणं, विषय श्रोत्याच्या आयुष्याशी कसा भिडतो ते सांगणं आणि पुढे काय येणार याची एका वाक्यात कल्पना देणं, मग अडीच-अडीच मिनिटांचे तीन भाग, उरलेल्या वेळात या सगळ्याचा अर्थ काय निघतो ते. तिसरा भाग घाईत उरकलेला दिसला तर समजावं की पहिल्या भागातला मजकूर कापायचं धैर्य झालेलं नाही. नवशिक्यांच्या भाषणात हे सर्रास आढळतं.

एक सावधगिरी. ज्या चित्रफिती सापडतात त्या बहुधा अंतिम फेरीच्या असतात. तिथे मोठं सभागृह असतं, शेकडो प्रेक्षक असतात, म्हणून हातवारे मोठे असतात आणि हशा पिकायला थांबावंही लागतं. प्राथमिक फेरी मात्र वर्गात होते, समोर एक परीक्षक आणि पाच-सहा स्पर्धक. तिथे सभागृहातले हातवारे केले तर ते नाटकी दिसतात. शिवाय कॅमेरा फलकावर जवळ जातो, त्यामुळे बारीक अक्षरही वाचता येतं आणि 'एवढं अक्षर पुरतं' असा चुकीचा धडा मिळतो.

एक विषय घेऊन पाहू: बारकोड

दृश्य कधी लागतं आणि कधी नाही हे नुसत्या सूत्रांनी कळत नाही. बारकोड या विषयावर दहा मिनिटांचं भाषण बांधायचं आहे असं धरू.

सुरुवातीला हकीकत आहे. नॉर्मन जोसेफ वुडलँड हा तरुण मायामीच्या समुद्रकिनाऱ्यावर बसून विचार करत होता की किराणा मालाची नोंद आपोआप कशी करता येईल. लहानपणी स्काउटमध्ये शिकलेला मोर्स कोड (टिंबं आणि रेघांची सांकेतिक लिपी) त्याला येत होता. त्याने वाळूत बोटं खुपसली आणि स्वतःकडे ओढली. टिंबं आणि रेघा खाली ओढल्या की जाड-बारीक उभे पट्टे होतात, हे त्याच्या लक्षात आलं. बर्नार्ड सिल्व्हरबरोबर त्याला १९५२ साली पेटंट मिळालं.

नवशिका इथे वुडलँडचा फोटो लावतो. फोटोने काय कळतं? काहीच नाही. काहीजण ताटात वाळू आणतात, ती पहिल्या रांगेपलीकडे कुणाला दिसत नाही आणि शेवटी जमिनीवर सांडते. इथे दाखवायची ती कल्पना. फलकाच्या वरच्या कडेला मोर्सची काळी टिंबं आणि रेघा. प्रत्येकीच्या मागे तेवढ्याच रुंदीची काळी कागदी पट्टी दुमडून ठेवलेली, सगळ्या पट्ट्या खाली एका आडव्या काठीला जोडलेल्या. 'त्याने बोटं स्वतःकडे ओढली' म्हणताना काठी खाली ओढायची. दोन सेकंदांत मोर्सचा बारकोड होतो. वाक्य आणि हालचाल एकाच क्षणी घडतात, आणि हे नुसतं ऐकून कळलं नसतं. दृश्याची परीक्षा ती हीच.

पुढची माहिती: दुकानात स्कॅन झालेली पहिली वस्तू म्हणजे च्युइंगमचं पाकीट, २६ जून १९७४, ओहायोतल्या ट्रॉय गावातलं मार्श सुपरमार्केट. मधली बावीस वर्षं कशात गेली? पट्टे वाचायला स्वस्त लेसर नव्हता आणि वाचलेलं तपासायला स्वस्त संगणक नव्हता. हे बोलून पुरतं. इथे कालरेषेचा फलक लावायचा मोह होतो, तो आवरावा. दोन तारखांसाठी कालरेषा लागत नाही.

दुसरा भाग म्हणजे पट्ट्यांतून अंक कसा निघतो. इथे मात्र दृश्याशिवाय गत्यंतर नाही. अमेरिकी बारकोडमध्ये बारा अंक असतात आणि प्रत्येक अंकाला सात समान घरं मिळतात. काही घरं काळी, काही पांढरी. डाव्या अर्ध्या भागात शून्य हा अंक तीन पांढरी, दोन काळी, एक पांढरं, एक काळं असा लिहितात. उजव्या अर्ध्या भागात तोच शून्य बरोबर उलटा: काळ्याच्या जागी पांढरं, पांढऱ्याच्या जागी काळं. परिणामी डावीकडच्या प्रत्येक अंकात काळी घरं विषम, उजवीकडच्या प्रत्येक अंकात सम. म्हणून पाकीट उलटं धरलं तरी यंत्राला कळतं की आपण मागून वाचतोय.

हे फलकावर छापलेलं नको. सात चौकोनी पाट्या वेल्क्रोने लावायच्या, प्रत्येकीची एक बाजू काळी, दुसरी पांढरी. आधी डावा शून्य दाखवून काळी घरं मोजायची: तीन. मग सातही पाट्या एकेक करून उलटायच्या, पुन्हा मोजायच्या: चार. सात पाट्या उलटायला दहा-बारा सेकंद जातात. तेवढा वेळ मुकेपणाने काढला तर जड होतो, म्हणून त्या सेकंदांसाठी वाक्य लिहून ठेवायचं आणि ते पाट्यांच्या तालावर बसवायचं.

तिसरा भाग तपासणी अंकाचा. बारावा अंक आधीच्या अकरांवरून काढतात. ०३६०००२९१४५ हे अकरा अंक घ्या. विषम स्थानांवरच्या अंकांची बेरीज १४, तिची तिप्पट ४२. सम स्थानांवरच्यांची बेरीज १६. एकूण ५८. पुढची दहाची पट ६०, म्हणून शेवटचा अंक २. एखादा अंक चुकीचा वाचला गेला तर हा हिशेब जुळत नाही आणि यंत्र वस्तू स्वीकारत नाही.

बहुतेकांचं भाषण इथे घसरतं. ते सगळं गणित एका फलकावर मांडतात आणि एकदम उघडतात. श्रोता उत्तरापर्यंत वाचून मोकळा होतो आणि वक्ता अजून पहिल्या बेरजेत असतो. आता श्रोता ऐकत नाही. उपाय साधा आहे: फलकावर आधी फक्त अकरा अंक, विषम स्थानांचे लाल आणि सम स्थानांचे निळे. बेरजा झाकणाऱ्या पट्ट्या एकेक करून काढायच्या. शेवटच्या पट्टीपूर्वी एक क्षण थांबायचं, म्हणजे मनात गणित करणाऱ्याला उत्तर स्वतः गाठता येतं. रंग लाल-हिरवे घेऊ नयेत, काही जणांना त्यांतला फरक दिसत नाही.

या विषयात अचूकतेचीही एक खाच आहे. भारतीय पाकिटांवर तेरा अंकी बारकोड असतो आणि त्याची सुरुवात ८९० ने झालेली दिसते. 'म्हणजे वस्तू भारतात बनली' हे वाक्य अनेक जण ठोकून देतात. ते चूक आहे. त्या तीन अंकांवरून एवढंच कळतं की कंपनीने क्रमांक भारतातल्या नोंदणी संस्थेकडून घेतलाय; माल कुठेही बनलेला असू शकतो. जाणकार परीक्षकाच्या कानावर असं एक वाक्य पडलं की उरलेल्या भाषणावरचा विश्वासही डळमळतो.

वाचायला लावू नका

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी चित्र आणि शब्द एकत्र आले की माणूस कसा शिकतो यावर दीर्घकाळ प्रयोग केले. त्यातले तीन निष्कर्ष इथे थेट उपयोगी पडतात. चित्र आणि त्याबद्दलचं बोलणं एकाच वेळी आलं तर शिकणं चांगलं होतं, मागेपुढे आलं तर कमी. विषयाशी संबंध नसलेली रंजक भर घातली तर शिकणं घटतं. आणि चित्रासोबत जे बोलतोय तेच शब्द लिहून दाखवले तर बहुधा तोटा होतो, कारण डोळे चित्र आणि मजकूर यांच्यात विभागले जातात आणि कान-डोळे एकाच वाक्याची पडताळणी करत बसतात. म्हणून फलकावर पूर्ण वाक्य नको. शब्द, आकडा, बाण, आकृतीच्या भागाचं नाव, एवढंच.

अक्षर केवढं, कागद कसला

पाट्या रंगवणाऱ्यांचा जुना हिशेब आहे: दहा फुटांवरून आरामात वाचायचं तर अक्षर एक इंच उंच. वर्गातली शेवटची रांग वीस फुटांवर असेल तर दोन इंच. आपल्याकडचा पूर्ण आकाराचा चार्टपेपर साधारण २२ बाय २८ इंच असतो. आडवा धरून दोन्हीकडे दोन-दोन इंच समास सोडला तर २४ इंच उरतात, म्हणजे दोन इंची सुमारे बारा अक्षरं. तीन-चार शब्दांत ओळ संपते. ही मर्यादा कुरकुरत नव्हे, आनंदाने पाळावी.

देवनागरीचं दुखणं वेगळं. इंग्रजी मोठ्या अक्षरांना वर-खाली काही लटकत नाही. आपल्याला वेलांट्या, मात्रा, रफार, उकार आहेत. दोन इंच हे माप शिरोरेषेपासून खालच्या टोकापर्यंतचं धरावं, आणि ओळींमध्ये किमान तेवढीच जागा मोकळी सोडावी, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. दुरून सर्वांत आधी नाहीसे होतात ते अनुस्वार आणि रफार, म्हणून ते सवयीपेक्षा ठळक काढायचे. बोरूसारख्या चपट्या टोकाच्या मार्करने बारीक पडणारी बाजू दुरून दिसत नाही; गोल टोकाचा जाड मार्कर घ्यावा.

अमेरिकेत ४८ बाय ३६ इंचांचा तीन पाखांचा फलक सहज मिळतो आणि फोम बोर्डही. फोम बोर्ड हलका, पण कोपरे लगेच चेपतात. कडांना काळी कापडी टेप लावली तर हंगामभर टिकतो. चकचकीत लॅमिनेशन टाळावं, खिडकीसमोर उभं राहिलं की फलकाचा आरसा होतो. आपल्याकडे शत्रू दुसराच आहे: डोक्यावरचा पंखा. नुसता चार्टपेपर वाऱ्याने उडतो, गुंडाळून आणलेला तर पुन्हा गुंडाळला जातो. वर-खाली लाकडी पट्टी ठोकावी किंवा कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवावा.

फलकापाशी उभं राहणं

प्रेक्षकांच्या नजरेतून वक्ता फलकाच्या डावीकडे असावा. मराठी काय, इंग्रजी काय, डोळे डावीकडून उजवीकडे जातात. आधी माणूस, मग फलक, असा प्रवास सोपा होतो. दाखवायला फलकाच्या बाजूचा हात वापरायचा. दुसरा हात वापरला की पाठ फिरते.

क्रम असा: बोट ठेवायचं, मान प्रेक्षकांकडे वळवायची, मग बोलायचं. नवशिके फलकाकडे बघत बोलतात आणि आवाज भिंतीत जातो. घरी सराव करताना मोबाइल खोलीच्या शेवटच्या टोकाला ठेवून ध्वनिमुद्रण करावं. जे वाक्य अस्पष्ट ऐकू येतं तिथे मान वळलेली असते, बघायचीही गरज पडत नाही.

काम झालं की झाकायचं, ही पायरी सर्वाधिक विसरली जाते. उघडा राहिलेला फलक पुढच्या मुद्द्याशी स्पर्धा करत राहतो.

सरावाचं गणितही फलक धरूनच करायचं. इंग्रजीत दहा मिनिटांना साधारण तेराशे ते पंधराशे शब्द लागतात. मराठीत विभक्ती शब्दाला चिकटते, शब्द लांब होतात, त्यामुळे हजार-अकराशेत वेळ भरते. आठ दृश्यं उघडझाप करायला पाऊण मिनिट सहज जातं. ते न धरता लिहिलेलं भाषण घरी दहा मिनिटांचं असतं आणि स्पर्धेत पावणेअकराचं होतं.

प्रदर्शनाच्या टेबलापाशी

राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून भरते आणि दहा ते सतरा वयोगटातली मुलं तिथे आपल्या परिसरातल्या प्रश्नावरचा प्रकल्प तक्त्यांसह मांडतात. शाळा-तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक टेबलापाशी येतात आणि थांबतील की नाही याची खात्री नसते. दहा मिनिटांचा साचा तिथे जसाच्या तसा चालत नाही, पण त्याचं मोजमाप चालतं. 'आदरणीय परीक्षक' ने सुरू होणारं लांबलचक नमन गाळून थेट प्रकल्पाच्या प्रश्नावर यायचं, आणि तीन मिनिटांत एकच हलतं दृश्य दाखवायचं. बाकीचे तक्ते मागे उभे करून ठेवायचे. परीक्षकांनी प्रश्न विचारला की त्यातला नेमका एक पुढे काढायचा. म्हणून प्रत्येक तक्त्याच्या मागच्या बाजूला, मुलालाच दिसेल असा, त्याचा क्रमांक आणि तो ज्या प्रश्नाचं उत्तर आहे तो प्रश्न पेन्सिलीने लिहिलेला असावा. पिशवीत कात्री, चिकटपट्टी, वेल्क्रोचा जास्तीचा तुकडा, चार मोठ्या क्लिपा आणि काळ्या मार्करची दुसरी कांडी ठेवावी.